ओळ चारशे बारा

ओतार, काल तुझी चारशे बारावी ओळ गेली.
मीच काढली. म्हणजे, काढली दुसऱ्याने,
मी फक्त हो म्हटलं.

आता रात्रीचे पावणेदोन.
कुताइसीत वीज आहे, नवलच.
खिडकीखाली रिओनीचा आवाज,
आणि टर्मिनलमध्ये कर्सर
दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा,
ये म्हटल्याशिवाय आत न येणारा.

दिवसभर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरं तपासते:
कुणाचा नळ गळतो, कुणाचा आकडा खोटा.
रात्री सात्सेरी. आपली चाळण,
विद्यापीठाच्या गारठलेल्या वर्गात दोघांनी विणलेली,
लाखो ओळींच्या नोंदींतून
नेमकी चूक तेवढी खाली पडावी म्हणून.
केवढे भांडलो होतो तेव्हा
'गप्प राहा' या हुकमाला कुठलं अक्षर द्यायचं यावरून!
आणि मग आठवडाभर आपणच गप्प.

ती आता कुठे कुठे पोचली आहे, मला ठाऊक नाही.
कळतं ते मोडल्यावरच.
ओस्लोची एक बाई लिहिते, रंग डोळ्यांत खुपतात.
लागोसहून कुणी विचारतो, विंडोजवर कधी?
एकाने तर लिहिलं, तीन दिवस झाले, अजून झालं नाही?
मी त्याला उत्तर लिहिलं. पुसलं.
परत लिहिलं: कळवल्याबद्दल आभार.

आणि मग हा.
पायसांडूचा यामांडू, वय एकोणीस,
मांसाच्या शीतगृहात रात्रपाळी.
त्याची तापमानाची फाइल अकरा जीबीची,
आणि तुझी ओळ ती अख्खी गिळायला जायची
नि गुदमरायची.
तीच ओळ, जिच्या डोक्यावर तू लिहून ठेवलंस:
'हात लावू नकोस. नंतर सांगतो.'

सात वर्षं नाही लावला.
विचारलंही नाही, घाई कसली होती?
मग तो फेब्रुवारी. झुगदिदीच्या रस्त्यावर बर्फ होता,
एवढंच मला सांगितलं लोकांनी.
त्यानंतर मी रात्री एकेका ओळीला विचारत बसायचे, तू कुणाची?
आणि यंत्र बिचारं प्रत्येकीपुढे नाव सांगायचं:
ओतार, ओतार, नानुली, ओतार.
दर सुधारणेला तू थोडा कमी.
परवापर्यंत सदतीस ओळी उरला होतास.

पोराची दुरुस्ती मी चार दिवस लोंबकळत ठेवली.
खोट काढली: समासात दोन जागा सोड, चार नको.
सोडल्या.
चाचणी हवी, म्हटलं. त्याने तीन लिहिल्या.
तिसरी वाचताना कळलं
तू नंतर काय सांगणार होतास ते:
फाइलीची शेवटची ओळ
कधी कधी पुरी न होताच तुटते
(गुमातीच्या धरणावरची ती जुनी यंत्रं, आठवतात?)
तीही चाळणीतून निसटू नये.
एवढंच.
एवढ्यासाठी तू ती ओबडधोबड मोट बांधली होतीस.
त्यानं तेच केलं, सहा ओळींत, लख्ख.

सगळ्या चाचण्या हिरव्या.
मी चहा केला. प्याले नाही.
बटण दाबलं.

तुझी टीप मात्र त्याने तशीच ठेवली आहे.
लिहिलंय, 'जॉर्जियन मला येत नाही.
महत्त्वाचं असेल असं वाटलं.'

आज सकाळीच नवी तक्रार आली.
ओळ चारशे अकरा:
टिपेचा खालच्या कोडशी काही संबंध नाही,
काढून टाकावी.
माणूस बरोबर बोलतोय. सभ्यपणे बोलतोय.
मी तक्रारीवर चिठ्ठी डकवली,
'दुरुस्त होणार नाही',
आणि ती बंद केली.